गोव्याच्या पावसाळी हवेत जुने चामडे कसे जपावे

चामड्याच्या वस्तूंच्या निगेविषयी जे सल्ले सर्रास वाचायला मिळतात, त्यांतील बहुतेक कोरड्या आणि थंड मुलखांतून आलेले असतात. तिथे चामडे सुकते आणि तडकते, त्यामुळे त्याला तेल पाजणे हाच तिथला मुख्य उपाय ठरतो. गोव्यात वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो, तोही बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत, आणि जुलैमध्ये हवेतील आर्द्रता कित्येक दिवस ८५ टक्क्यांच्या वरच राहते. बुरशीला ६५ ते ७० टक्के आर्द्रता पुरते. अशा हवेत बॅग तेलाने माखून कपाटात बंद करणे म्हणजे बुरशीपुढे ताट वाढून ठेवणे होय. आपल्याकडे जुन्या चामड्याला तेल कमी आणि वारा जास्त लागतो, आणि पुढे सांगितलेली सारी रीत याच अनुभवावर उभी आहे.

कामाचे वेळापत्रकही त्यानुसार ठरवावे. पुरुमेंताच्या, म्हणजे पावसाळ्यासाठीच्या बेगमीच्या, धांदलीत मे महिन्यात घरातील सगळ्या वस्तू पावसाळ्यासाठी सज्ज करण्याची आपली सवय असल्याने चामड्याला तेल लावण्याचे कामही अनेक जण त्याच दिवसांत उरकतात. पण तोवर हवा दमट झालेली असते आणि लावलेले तेल पुरते मुरण्याआधीच पाऊस येऊन ठेपतो. ओले पुसणे, तेल, मेण ही कामे जानेवारी-फेब्रुवारीत करावीत. मे महिन्यात केवळ कोरडी झाडपूस करून वस्तू नीट ठेवाव्यात, आणि गणेश चवथीच्या आधी घर आवरायला काढतो तेव्हा त्या एकदा बाहेर काढून पाहाव्यात.

आधी वस्तू ओळखावी

हाती असलेली वस्तू खरोखर चामड्याची आहे का, हे पाहिल्याशिवाय कशालाही हात लावू नये. अलीकडच्या काळात घेतलेल्या कित्येक पर्स, पट्टे आणि सोफ्यांची आवरणे रेग्झिनची किंवा पॉलियुरेथेनचा थर दिलेल्या कापडाची असतात. पट्ट्याच्या भोकाची आतली बाजू किंवा अस्तराखालची कापलेली कड भिंगातून पाहिली, तर चामड्यात एकमेकांत गुंतलेले बारीक तंतू दिसतात. कृत्रिम मालात विणलेले कापड आणि त्यावर चिकटवलेला पापुद्रा दिसतो. पॉलियुरेथेनचा हा पापुद्रा हवेतील बाष्पामुळे आतूनच तुटत जातो, आणि एकदा त्याच्या खपल्या निघू लागल्या की कोणतेही तेल किंवा पॉलिश त्याला सावरू शकत नाही. अशा वस्तूवर श्रम आणि पैसा घालवू नये.

चामडे खरे असेल तर ते कोणत्या पद्धतीने कमावले आहे, याचा अंदाज घ्यावा. बाभळीची साल, हिरडा अशा वनस्पतिज द्रव्यांनी कमावलेले चामडे कापलेल्या कडेला तपकिरी दिसते, पाणी पटकन पिते आणि वापराने गडद होत जाते. २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेल्या कोल्हापुरी चपला, जुन्या सूटकेसी, पुस्तकांच्या बांधण्या आणि लष्करी धाटणीचे जाड पट्टे बहुधा याच प्रकारात येतात. क्रोमियमच्या क्षारांनी चामडे कमावण्याची पद्धत एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी रूढ झाली. तसे चामडे मऊ, पाण्याला अधिक टिकणारे आणि कडेला अनेकदा निळसर करडे असते. यापुढची परीक्षा सोपी आहे. न दिसणाऱ्या जागी पाण्याचा एक लहान थेंब ठेवून मिनिटभर थांबावे. थेंब मुरून डाग गडद झाला, तर त्या चामड्यात पाणी आणि तेल दोन्ही शिरतात, म्हणून तिथे हात फार जपून चालवावा लागतो. थेंब तसाच उभा राहिला, तर वर रंगाचा किंवा लाखेचा थर आहे असे समजावे. तेल त्यातून आत जाणार नाही, वर बसून धूळ तेवढी धरेल.

तबला, पखवाज, मृदंग आणि घुमट हे गोव्याचे मातीचे वाद्य यांच्यावर मढवलेले कातडे या सगळ्यापासून वेगळे मानावे. ते कमावलेले चामडे नसते. केस काढून, ताणून वाळवलेले ते कच्चे कातडे असते, आणि त्याचा नाद त्या ताणावरच अवलंबून असतो. तबल्याच्या पुडीवर किंवा घुमटाच्या तोंडावर तेल, मेण, चामड्याचे मलम यांतील काहीही लावू नये. कोरड्या मऊ फडक्याने पुसून जाड सुती खोळीत, जमिनीपासून उंच आणि वारा लागेल असे ठेवावे, इतकेच. घुमटाला पूर्वी घोरपडीचे कातडे वापरत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने घोरपडीला संरक्षण असल्यामुळे आता शेळीचे कातडे मढवतात, आणि या दोन्हींसाठी निगा हीच. भजनाच्या पेटीच्या भात्याच्या कोपऱ्यांत आणि आतल्या झडपांवर असलेले पातळ चामडे कमावलेले असले, तरी त्यालाही तेल लावू नये. तेल शेजारच्या कापडात, लाकडात आणि सरसात उतरते, चिकटवलेले सांधे सुटतात आणि भाता हवा सोडू लागतो.

पांढरे दिसते ते सगळेच बुरशी नसते

पावसाळ्यात कपाट उघडल्यावर बॅगेवर पांढुरकी भुकटी दिसली की ती बुरशीच, असे धरून चालण्याची आपल्याला सवय झाली आहे. प्रत्यक्षात तिथे तीन वेगळ्या गोष्टी असू शकतात आणि तिन्हींचे उपाय वेगळे आहेत. सहा इंच अंतरावरून हेअर ड्रायरची कोमट हवा काही सेकंद सोडावी. पांढरा थर विरघळल्यासारखा दिसेनासा झाला, तर ती चामड्यातून वर आलेली चरबी आहे. जुन्या तेलातील घट्ट मेदाम्ले गारव्यात पृष्ठभागावर येऊन गोठतात. चामड्याला त्यापासून धोका नसतो. गरम हवेनंतर लगेच मऊ कोरड्या फडक्याने पुसावे, म्हणजे बहुतेक थर निघून जातो.

ऊब लागूनही डाग तसाच राहिला, पण किंचित ओलसर फडक्याने पुसताच गेला आणि वाळल्यावर तिथेच पुन्हा उमटला, तर तो क्षार असतो. घामाचा, किंवा समुद्रकिनारी नेलेल्या चपला आणि कॅमेऱ्याच्या खोळीवरचा खाऱ्या पाण्याचा. हे काम एका दमात होत नाही. ओलसर फडके, मग सावलीत वाळवणे, मग पुन्हा ओलसर फडके, असे थोडे थोडे करत क्षार बाहेर काढावा लागतो. बुरशी या दोन्हींहून निराळी दिसते: भिंगाखाली तिचे तंतू दिसतात, कुबट वास येतो, आणि ती शिवणीत, घड्यांत आणि जिथे हाताचा तेलकटपणा लागलेला असतो तिथे आधी धरते.

बुरशी आलेली वस्तू घरात झटकू नये. पाऊस नसलेल्या दिवशी ती बल्कावात, म्हणजे घरापुढच्या ओसरीत, किंवा अंगणातील सावलीत न्यावी, नाकावर एन-९५ मास्क लावावा आणि मऊ ब्रशने आपल्यापासून दूर, एकाच दिशेने झाडावी. पहिला हात नेहमी कोरडा असावा. ओल्या फडक्याने सुरुवात केली की बीजाणू चामड्याच्या छिद्रांत चोळले जातात, आणि पंधरा दिवसांनी त्याच जागी बुरशी पुन्हा दिसते. झाडून झाल्यावर औषधांच्या दुकानात मिळणाऱ्या ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये फडके बुडवून घट्ट पिळावे आणि न दिसणाऱ्या जागी रंग सुटतो का ते पाहूनच हलक्या हाताने एकदा पुसावे. रंग सुटत असेल तर कोरड्या ब्रशवरच थांबावे. शिवणीत अडकलेली बुरशी लाकडी दातकोरण्याने सुटते. वापरलेला ब्रश लगेच साबणाने धुऊन उन्हात वाळवावा. पुढच्या वस्तूला तो तसाच लावला तर बुरशी आपणच तिच्यावर नेऊन ठेवतो.

त्यानंतर बॅग पूर्ण उघडून, अस्तर बाहेर खेचून, वाहत्या वाऱ्यात ठेवावी. सकाळचे कोवळे ऊन दहा-पंधरा मिनिटे आतल्या बाजूला लागले तर चालते. दुपारचे ऊन, चुलीची धग, मोटारीचे बॉनेट आणि हेअर ड्रायरची कडक गरम हवा मात्र टाळावी. वनस्पतिज चामडे ओले असताना ७० ते ८० अंश सेल्सियसच्या आसपास आक्रसते, जीर्ण झालेले त्याहून बऱ्याच कमी तापमानाला, आणि आक्रसलेले चामडे पुन्हा पूर्ववत होत नाही. कुबट वासासाठी आत सुती पुरचुंडीत कोळसा किंवा खाण्याचा सोडा ठेवावा. सोडा चामड्याला लागू देऊ नये.

मळ काढताना पाणी कोणते, साबण कोणता

चामडे मुळात आम्लधर्मी असते. वनस्पतिज चामड्याचा पीएच साधारण ३ ते ५ असतो, तर अंगाच्या साबणाचा ९ ते १०. त्यामुळे साबणाच्या फेसाने ‘स्वच्छ’ झालेली बॅग काही काळाने कडक आणि फिकी पडते. कपड्यांच्या पावडरीने तर हे आणखी लवकर घडते. टूथपेस्ट, लिंबू, दूध असे जे घरगुती उपाय मोबाइलवर फिरत असतात, त्यांतील एकही मी जुन्या वस्तूला लावणार नाही.

पाण्याबद्दल आपल्या भागात एक विशेष काळजी घ्यावी लागते. जांभ्या दगडाच्या मुलखातील काही विहिरींच्या पाण्यात लोह असते, आणि चामड्यातील टॅनिनशी, म्हणजे कमावताना त्यात उतरलेल्या वनस्पतिज द्रव्याशी, लोहाचा संयोग झाला की निळसर काळे डाग पडतात. हे डाग धुऊन जात नाहीत. म्हणून इन्व्हर्टरच्या बॅटरीसाठी मिळणारे डिस्टिल्ड वॉटर वापरावे. एका लहान बाटलीत बरीच कामे होतात. याच कारणाने चामड्यावर लोखंडी घासणी, गंजलेली टाचणी किंवा लोखंडी क्लिप कधी लावू नये.

आधी कोरडा ब्रश, मग शाळेतील पांढऱ्या खोडरबराने मळकट जागा हलक्या हाताने पुसणे, आणि एवढ्याने भागले नाही तरच ओले काम, असा क्रम ठेवावा. वाटीभर डिस्टिल्ड पाण्यात लहान मुलांच्या शाम्पूचे दोन-तीन थेंब घालून फेस करावा आणि पाणी न घेता केवळ फेसच फडक्यावर घ्यावा. एका वेळी तळहाताएवढा भाग पुसून लगेच साध्या पाण्याच्या घट्ट पिळलेल्या फडक्याने आणि मग कोरड्या फडक्याने पुसावा. मध्येच सोडल्यास ओलाव्याची कड उमटते, म्हणून प्रत्येक भाग शिवणीपासून शिवणीपर्यंत पुरा करावा. स्वेडसारख्या लव असलेल्या चामड्याला पाणी लावूच नये. त्याला रबरी ब्रश पुरतो.

पितळी बकलाच्या आणि रिबिटांच्या भोवती हिरवा, मेणचट थर साचलेला असतो, तो चामड्यातील तेलाच्या आम्लांचा तांब्याशी संयोग होऊन तयार होतो. तो दातकोरण्याने खरवडून काढावा आणि उरलेला भाग स्पिरिटच्या कापसाने टिपावा. चिंच-मीठ किंवा भांडी घासायची पावडर चामड्याला लागलेल्या धातूवर वापरू नये. पितळ उजळेल, पण आम्ल आणि मीठ शेजारच्या चामड्यात उतरेल.

तेल: किती, कोणते आणि कुठे

पणजीत १८४२ साली सुरू झालेल्या वैद्यकीय शाळेत शिकून गावोगाव फिरलेल्या डॉक्टरांच्या, वरून उघडणाऱ्या, लोखंडी सापळ्याच्या बॅगा आजही गोव्यात कुठे कुठे पाहायला मिळतात. त्यातली एखादी निरखून पाहिली की तेल कुठे लागते ते आपोआप कळते. मूठ हाताच्या स्पर्शाने काळीभोर आणि गुळगुळीत झालेली असते. तिथे आणखी तेलाची गरज नसते. बाजूंचे सपाट भाग फिके पण निरोगी असतात. तोंडाच्या दोन्ही टोकांना, जिथे बॅग दर वेळी मिटते आणि उघडते, तिथे मात्र घडीच्या रेषेत बारीक भेगा दिसतात. तेल त्या घडीला द्यायचे, सगळ्या बॅगेला नव्हे. आणि त्यासाठी अर्धा चमचा पुष्कळ होतो.

वस्तू वापरायची आहे की नुसती जपायची आहे, हा इथे निर्णायक प्रश्न ठरतो. वापरातला पट्टा, चपला, खांद्यावरची बॅग दररोज वाकतात, म्हणून त्यांच्या तंतूंना वंगण लागते. कपाटात ठेवलेली आजोबांची पाकिटे, जुने फोटोंचे अल्बम किंवा बांधलेली पुस्तके वाकत नाहीत, तेव्हा त्यांना तेल लावण्याचे कारणच उरत नाही. संग्रहालयांनीही जुन्या चामड्याला ठरावीक काळाने तेल लावण्याची पूर्वीची पद्धत आता बहुतांशी सोडली आहे, कारण ते तेल पुढे काळवंडते, चिकट होते आणि बुरशीला पोसते.

तेलांत गुरांच्या पायांच्या हाडांपासून काढलेले नीट्सफूट ऑइल जगभर नावाजलेले आहे. ते चांगले मुरते, पण फिके चामडे गडद करते. ज्यांना ते वापरायचे नसेल त्यांनी एरंडेल घ्यावे. ते सुकून कडक होत नाही आणि लवकर खवटही होत नाही. जवसाचे तेल हवेत सुकून कडक थर धरते, म्हणून ते कधीच लावू नये; शेंगदाण्याचे आणि तिळाचे तेल कालांतराने चिकट होऊन खवटते. खोबरेल आपल्या हाताशी असते आणि ते लवकर बिघडतही नाही. परंतु सुमारे २४ अंशांखाली ते गोठते, आणि सत्तरी-सांगे तालुक्यांच्या बाजूला जानेवारीच्या रात्री पारा सहज त्याखाली उतरत असल्याने वर सांगितलेला पांढरा थर खोबरेलानेच अधिक येतो.

मी एक भाग मधमाश्यांचे मेण आणि चार भाग एरंडेल असे मलम करतो. मेण ६२ ते ६४ अंशांना वितळते, त्यामुळे थेट आचेवर ठेवण्याची गरज नसते. गरम पाण्याच्या पातेल्यात वाटी ठेवून मेण विरघळू द्यावे, त्यात तेल घालून ढवळावे आणि रुंद तोंडाच्या डबीत ओतावे. लावताना ते बोटाच्या उबेने मऊ करून सुती फडक्यावर घ्यावे, फडका आधी कागदावर पुसावा आणि मग घडीवर गोल गोल फिरवावा. चामड्यावर चकाकी दिसली तर मलम जास्त झाले असे समजावे. दिवसभर सावलीत ठेवून दुसऱ्या दिवशी कोरड्या फडक्याने चोळून काढावे. बुटांचे पॉलिश बुटांपुरतेच ठेवावे. बॅगेला लावले तर त्याचा रंग पांढऱ्या कपड्यांना लागतो.

वाळून लाकडासारखा कडक झालेला पट्टा तेलात बुडवण्याचा मोह टाळावा. या बाबतीत आपली हवा मदतीला येते: पावसाळ्यातील एक-दोन दिवस तो सपाट पृष्ठभागावर उघडा ठेवला की तंतू ओलावा घेऊन सैल होतात. मग तो हळूहळू, थोडा थोडा वाकवावा, हव्या त्या आकारात सुती कापडाच्या बोळ्यावर ठेवून सावकाश सुकू द्यावा आणि त्यानंतरच मलमाचा अगदी हलका हात द्यावा. कडक असताना वाकवलेला पट्टा पृष्ठभागावर आडवा तडकतो, आणि ते तडे बुजत नाहीत.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील वनस्पतिज चामड्यावर, विशेषतः पुस्तकांच्या पाठींवर, हाताला लागणारी विटकरी भुकटी दिसते. हवेतील गंधकाच्या वायूंमुळे आतले तंतूच कुजून ही अवस्था येते आणि ती मागे फिरत नाही. तेलाने ती थांबत नाही, उलट पाठ काळी आणि लिबलिबीत होते. अशा पाठीवर आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये हायड्रॉक्सिप्रोपिल सेल्युलोज २ टक्के इतके पातळ विरघळवून मऊ ब्रशने एक हात दिला, तर भुकटी बसते आणि पुस्तक हाताळता येते. मौल्यवान पुस्तक असेल तर तेही न करता त्याला सुती कापडात गुंडाळून संवर्धकाकडे द्यावे.

ठेवण्याची जागा

चिऱ्याच्या भिंतीला टेकवलेले कपाट पावसाळ्यात पाठीमागून ओल घेते. ते भिंतीपासून चार-पाच इंच पुढे ओढावे आणि चामड्याच्या वस्तू तळाच्या कप्प्यात ठेवू नयेत. प्लास्टिकच्या पिशवीत काहीही बांधू नये. जुन्या सुती साडीची किंवा धोतराची खोळ धूळ अडवते आणि हवा जाऊ देते. बॅगेत वर्तमानपत्रे कोंबण्याऐवजी त्याच कापडाचे बोळे भरावेत, कारण वर्तमानपत्राची शाई लागते आणि तो कागद ओल धरून ठेवतो. दोनशे-तीनशे रुपयांना मिळणारा आर्द्रतामापक कपाटात ठेवावा आणि काटा ६५ च्या वर राहू लागला की दारे उघडावीत किंवा पंखा लावावा; एसीची खोली असेल तर जुलै-ऑगस्टपुरत्या वस्तू तिथे हलवाव्यात.

सिलिका जेलच्या पुड्या घट्ट बंद होणाऱ्या डब्यातच उपयोगी पडतात. लाकडी कपाटात त्या दोन दिवसांत भिजतात. मग त्या ओव्हनमध्ये १०० ते १२० अंशांवर वाळवाव्या लागतात. कपाटात टांगण्याच्या कॅल्शियम क्लोराइडच्या पिशव्यांत खारे पाणी साचते, आणि ते एकदा चामड्यावर सांडले तर सगळी मेहनत वाया जाते, म्हणून त्या वस्तूंच्या वर कधी टांगू नयेत. डांबराच्या गोळ्या किड्यांना दूर ठेवतात, बुरशीला नाही. झुरळे पुस्तकांच्या बांधण्या कुरतडतात, त्यांच्यासाठी झुरळे मारण्याचे जेल लावावे, पण ते कप्प्याच्या बाहेर.

शिवण उसवली असेल तर ती घरी चिकटवू नये. म्हापशाच्या किंवा मडगावच्या बाजारात बसणाऱ्या जुन्या मोच्याकडे जावे आणि काम देताना तीन गोष्टी स्पष्ट सांगाव्यात: टाके जुन्याच भोकांतून घालावेत, दोरा मेण लावलेला सुती किंवा तागाचा असावा, कारण नायलॉनचा दोरा ताणला की जीर्ण चामडे कापतो, आणि लोखंडी चुका ठोकू नयेत. बकल किंवा कुलूप बदलावेच लागले, तर काढलेला जुना तुकडा मागून घ्यावा, कागदी पाकिटात घालावा, कोणत्या वस्तूचा ते पाकिटावर लिहावे आणि ते त्या वस्तूसोबतच, पण चामड्याला टेकणार नाही असे ठेवावे.